हॉल भावजयीच्या नावे

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, बॉक्सिंग शिकवण्यात जन्म घालवलेली, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे; डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे.

१. तळमजल्यावरचा हॉल, त्यातली रिंग आणि वरच्या दोन खोल्या माझ्या स्वकमाईच्या आहेत. माझ्या पश्चात त्या भावजयीच्या एकटीच्या मालकीच्या होतील. सख्ख्या भावाला डावललं, असं नातेवाईक म्हणतील, म्हणून कारण लिहिते.

भावाला मीच शिकवलं. हात लांब, पाय हलके. त्याला मी अंतर राखायला शिकवलं. समोरच्याचा ठोसा हनुवटीपर्यंत पोहोचू द्यायचा नाही, डाव्या हाताने त्याला टोचत राहायचं, तो चवताळून धावून आला की आपण बाजूला सरकलेलं असायचं. असा खेळून तो वर्षानुवर्षं जिंकला आणि धड चेहऱ्याने घरी जेवायला आला. प्रेक्षक मात्र त्याला 'पळपुट्या' म्हणून हसत. सामने भरवणारा आमचा मावसभाऊ त्याला म्हणाला, लोकांना हे नको आहे, मधोमध उभा राहून मार. त्यानंतरच्या सामन्यात मी कोपऱ्यातून 'सरक, सरक' म्हणून घसा फोडला. तो सरकला नाही. जिंकला, लोकांनी डोक्यावर घेतलं. नंतर सुजलेल्या डोळ्यावर बर्फ धरून मी विचारलं, असं का केलंस? म्हणाला, "ताई, आज कुणी हसलं नाही."

पुढे तो तसाच खेळत गेला. आता त्याची जीभ अडखळते, शर्टाची बटणं भावजय लावते, आणि कोणी गोड बोलून कागद पुढे केला की तो सही करतो. मावसभावाचा या हॉलवर डोळा आहे. हल्ली तो फळं घेऊन भावाला भेटायला येतो.

२. वरच्या खोल्यांत राहण्याचा भावाला हयातभर हक्क राहील. बँकेतली शिल्लक त्याच्या औषधपाण्यासाठी.

३. भावजयीने हॉल चालवावा, भाड्याने द्यावा किंवा विकावा. मावसभावाला किंवा त्याच्या माणसाला देऊ नये. शोकसभेत तो बोलायला उठलाच, तर माईक बंद करावा.

४. भाऊ रोज सकाळी विचारतो, सामना कधी आहे? पुढे ढकलला, असं मी सांगते. मग तो निमूटपणे चहा पितो. भावजयीने तेच सांगत राहावं. माझ्याबद्दल विचारलं तर खरं सांगावं, पण एकदाच. पुन्हा विचारलं तर ताई खाली हॉलमध्ये आहे, असं म्हणावं.

वरील मजकूर मी स्वतः वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही : ताई
साक्षीदार : १. शेजारचा शिंपी (सही) २. निवृत्त मुख्याध्यापिका (सही)
ठिकाण : हॉलवरची राहती खोली
दिनांक : चौदा मार्च