रांग बाहेरच हवी

मिलवॉकी
बुधवार, संध्याकाळ

प्रिय कॉनराड,

निमंत्रण पोचलं. जाड, खरखरीत कागद, मुद्दाम जुनाट केलेला, आणि वर सोनेरी अक्षरांत ‘द पॅरिश’. हे नाव ज्याला सुचलं त्याची पाठ माझ्या वतीनं थोपट. आधी पॅरिशची, म्हणजे चर्चभोवतीच्या वस्तीची, माणसं पांगू द्यायची, चर्च शाळा विकायला काढेपर्यंत दम धरायचा, मग वर्गांचे फ्लॅट करायचे आणि जे उरलं नाही त्याचंच नाव दारावर लावायचं. आपल्या शहरात आता ही रीतच पडली आहे. चामड्याचा कारखाना गेला तिथे ‘द टॅनरी’, ओतशाळा गेली तिथे ‘द फाउंड्री’. उद्या तुमच्या बिल्डर डर्क हॅनिगनला नदी बुजवायला मिळाली, तर त्या जागेला तो ‘द रिव्हर’ म्हणेल आणि नगरसेवक उभे राहून टाळ्या वाजवतील. आतल्या मजकुरात ‘विटांना बोलू देऊ या’ असं एक वाक्य आहे. तुझं आहे का ते? तुझं असावं असं वाटलं, कारण बाकीच्या मजकुरात व्याकरणाच्या चुका आहेत आणि त्या वाक्यात नाही. विटा बोलतात, हे खरं आहे. काल मी त्यांचं ऐकून आले. त्यावर मी पुढे येतेच.

शुक्रवारी फीत तुझी आई कापणार, हे मला निमंत्रणावरून नाही, तिच्याकडूनच कळलं. आपण वेगळे झालो त्याला दोन हिवाळे होऊन गेले, पण तिनं मला तिच्या शुक्रवारमधून काढलेलं नाही. हे तुला माहीत आहे; तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. शाळेच्या इमारतीतला पॅरिशचा हॉल, जिथे दर शुक्रवारी माशांचं जेवण असायचं, तो बंद झाल्यापासून आम्ही दोघी किनिकिनिक रस्त्यावरच्या एका बारमध्ये मासे खायला जातो. तिथे बटाट्याची धिरडी जाड असतात, सफरचंदाचा गर डब्यातला असतो, आणि रांग नसते. तिची मुख्य तक्रार ही तिसरी. “रांगेशिवाय मासा म्हणजे नुसतं जेवण गं, पोरी,” असं ती दर वेळी म्हणते. जुन्या हॉलच्या बाहेर ती सगळ्यांत आधी येऊन भिंतीला टेकून उभी राहायची, आणि मागे येईल त्याची हजेरी घ्यायची. कोण आजारी, कुणाचा मुलगा ॲरिझोनाला पळाला, कुणी गेल्या शुक्रवारी दांडी मारून कुठे काय खाल्लं. तिच्या वयाच्या निम्म्या माणसांची लग्नं त्या रांगेत जुळली आहेत. तुझ्या आईवडिलांचंही तिथेच जुळलं, आणि तुझ्या वडिलांनी तिच्या पुढे घुसायचा प्रयत्न केला म्हणून जुळलं, हे मी निदान दहा वेळा ऐकलं आहे. आता तीन वर्षांनी हॉल उघडतोय, ईस्टरआधीच्या उपासातला शुक्रवार आहे, आणि ती केस सेट करून घ्यायला जाणार आहे. तुझं नाव काढलं की तिची मान जराशी ताठ होते. “माझ्या पोरानं आमची भिंत पुन्हा पिवळी केली,” असं ती बारमधल्या वेट्रेसलाही सांगते.

त्या पिवळ्या भिंतीबद्दल बोलू. आपल्या गावची वीट मऊ आहे, फिकट पिवळी आहे, आणि भट्टीत तिच्या अंगावर एक पातळ, टणक कातडी धरते. ती वीट जगते ती त्या कातडीवर. शंभर वर्षांच्या धुरानं ती काळी पडली, तेवढंच. काळी पडणं हा आजार नव्हता. पण काळी भिंत माहितीपत्रकात वाईट दिसते, म्हणून तुम्ही गेल्या उन्हाळ्यात तिच्यावर वाळूचा मारा केलात. धूर गेला, आणि कातडीही गेली. मग दरजांमधला जुना चुना खरवडून तिथे सिमेंट भरलंत, कारण सिमेंट लवकर होतं. वर पारदर्शक लेप दिलात, कारण लेपाच्या विक्रेत्यानं ‘संरक्षण’ हा शब्द वापरला. आणि माथ्यावरची पुढे आलेली, पाणी भिंतीपासून दूर टाकणारी कड काढून टाकलीत, कारण कुणाला तरी आभाळाशी एक स्वच्छ रेघ हवी होती. पाणी आता वरून सरळ भिंतीत उतरतं. खाली आल्यावर त्याला सिमेंटमधून बाहेर पडता येत नाही, लेपातून पडता येत नाही, मग ते विटेतच राहतं आणि गोठतं. हे मी तुला समजावून सांगतेय याची मला लाज वाटते. तुझ्या वाट्याची मला वाटत नाही, ती तुझी तुला वाटू दे.

कारण हे सगळं मला पहिल्यांदा तू सांगितलं होतंस. कॉलेजमध्ये मी पोलाद आणि काँक्रीट शिकत होते. विटेला मी जुनाट लोकांची हौस समजत होते. तू मला एका पडक्या मद्यशाळेच्या अंगणात घेऊन गेलास. आपली ती पहिली भेट होती, बाकीची मुलं सिनेमाला न्यायची. तिथे तू नखानं दरजेतला चुना उकरून दाखवलास आणि म्हणालास, भिंतीत कुणालातरी आधी झिजावं लागतं, ते चुन्यानं झिजावं म्हणजे वीट राहते. मला तेव्हा वाटलं, ज्याला एवढं कळतं त्याच्याबरोबर राहायला हरकत नाही. हा निर्णय मी उपलब्ध माहितीवर घेतला होता आणि त्या माहितीत चूक नव्हती. म्हणून डर्कचा मला राग येत नाही. डर्कला वीट आणि बिस्किट यांतला फरक सांगता येणार नाही. त्याच्याकडून काही अपेक्षाच नाही. तुला सगळं माहीत होतं, आणि तरीही ती स्वच्छ रेघ तुझ्या नकाशात आहे. मी मूळ कागद पाहिले, कॉनराड. रेघ तुझ्या हातची आहे.

आता काल काय झालं ते तुझ्या आठवणीतलं नव्हे, माझ्या आठवणीतलं लिहिते. उद्घाटनाआधी एकदा बाहेरून तपासणी व्हायला हवी म्हणून तूच आमच्या ऑफिसचं नाव सुचवलंस. ओळखीतली बाई आहे, उचलयंत्राच्या पाळण्यातून वर जाईल, खाली येऊन मान डोलावेल, असा तुझा हिशोब असावा. मी वर गेले आणि हातोडीनं वीट वीट ठोकत खाली आले. धड भिंत घणघणते. माथ्याजवळची, फुटपाथच्या बाजूची, खोलीएवढी जागा बद्द वाजली. बाहेरचा थर आतल्या थरापासून सुटला आहे आणि पोट पुढे आलं आहे. विटांचे पापुद्रे माझ्या हातमोज्यात आले. ते मी डर्कच्या टेबलावर ठेवले. त्यानं ते कॉफीच्या मगानं बाजूला सारले आणि म्हणाला, “बाईसाहेब, जुनी बिल्डिंग आहे, थोडा कोंडा पडणारच! माझ्याही डोक्यातून पडतो.” तू हसलास. मोठ्यानं नाही, पण हसलास. मी म्हटलं, निदान शुक्रवारी रांग भिंतीखाली लावू नका, आत एवढा मोठा व्हरांडा रिकामा आहे. तर तो म्हणाला, “छे छे, रांग बाहेरच हवी! टीव्हीवाले येतायत. म्हातारी माणसं, जुनी भिंत, हातात ब्रँडीचे पेले. अहो, हेच तर विकतोय आपण!” मग तुझ्याकडे वळून, “काय राजा, तुझी आई सगळ्यांत पुढे, बरोबर?” आणि तू म्हणालास, “ती तशीही पुढेच असते.”

हे वाक्य मी घरी येऊन पुन्हा पुन्हा तपासलं. त्यात धोका समजल्याची खूण कुठे सापडते का, ते पाहिलं. सापडली नाही. जिन्यात तू मला गाठलंस आणि कोपराला हात लावून म्हणालास, “मारिट, रिपोर्ट सोमवारी दे ना. तुझं म्हणणं बरोबर आहे, मी नाही म्हणतोय का? फक्त सोमवारी.” मी जाळी आणि पट्टी लावून फुटपाथ अडवला होता. मी कोपऱ्यावर पोचेपर्यंत तुमच्या पहारेकऱ्यानं ती गुंडाळली होती. मी परत लावली, त्यानं परत काढली. बिचारा माफी मागत होता. “मॅडम, फोटो खराब होतो म्हणतात.”

मग मी तुझ्या आईकडे गेले. ती स्वयंपाकघरात तिच्या कोटाची बटणं घट्ट करत होती. मी तिला जेवढं सांगायचं तेवढंच सांगितलं, तुझं नाव न घेता: भिंत वाईट आहे, शुक्रवारी तिथे उभं राहू नका. तिनं सुई थांबवली नाही. “ती भिंत पडायची असती तर माझ्या लग्नात पडली असती. केवढे जाडे पाहुणे टेकले होते तिला!” मी हसले नाही, तेव्हा तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कॉनराडला माहीत आहे?” मी म्हटलं, हो. तिनं सुई कोटात खोचून ठेवली. मग म्हणाली, “मग तो बघेल. त्याला माहीत असेल तर तो बघेल.” आणि पुन्हा बटणाकडे वळली. तू तिथे असायला हवा होतास असं मी म्हणणार नाही. तू तिथे नव्हतास म्हणूनच ती ते वाक्य बोलू शकली. पण एक सांगते. मी सांगितल्यावर ती घरी बसणार नाही, कारण न जाणं म्हणजे तुझ्यावर अविश्वास दाखवणं, आणि ते ती चारचौघांत करणार नाही. ती नव्या बटणांचा कोट घालून तुझ्या भिंतीला टेकून उभी राहील, आणि तिच्या मागे सगळी पॅरिश. सध्या थंडी कडक आहे. गोठलेली भिंत धरून राहते. परवा ऊन पडणार आहे. सुटायची ती उन्हातच सुटते.

आता हे सगळं तुला कागदावर, हातानं लिहून, तुझ्या घराच्या पत्रपेटीत का टाकतेय ते सांगते. फोनवरचं काहीही कंपनीच्या वकिलापर्यंत पोचतं. हे फक्त तुझ्यापर्यंत पोचेल, आणि वाचून झाल्यावर तू ते जाळू शकतोस. माझा रिपोर्ट लिहून तयार आहे. सोमवारी नाही, उद्या सकाळी मी तो पालिकेच्या इमारत खात्यात नेऊन देणार आहे, आणि दुपारपर्यंत ते रस्ता बंद करतील. त्यात मी काय सांगितलं, कुणाला सांगितलं, आणि तो काय म्हणाला, हे सगळं आहे. मी त्यातला एक शब्दही बदलणार नाही. हे तुला माझ्याबद्दल माहीत आहे. पण स्वतःहून येऊन ‘माझी भिंत वाईट आहे’ म्हणणारा वास्तुशिल्पी आणि दुसऱ्यानं दाखवून दिल्यावर सापडलेला वास्तुशिल्पी, यांना खातं वेगळं वागवतं. पहिल्याचा बहुधा परवाना राहतो. डर्ककडची नोकरी राहणार नाही, त्याबद्दल मी तुझं अभिनंदन आत्ताच करून ठेवते. आज रात्रीपुरती मी माझी गाडी भिंतीखालच्या फुटपाथवर आडवी लावून बसनं घरी आले आहे. दंडाची चिठ्ठी लागेल, लागू दे. उद्या खातं उघडेल तेव्हा मी दारात नसेन. समोरच्या दुकानात खिडकीशी मोठी कॉफी घेऊन बसेन, आणि तू पायऱ्या चढताना दिसलास तर ती संपवल्याशिवाय उठणार नाही. तुझ्या आईला कुणीतरी सांगायला हवं, की रस्ता तिच्या मुलानं बंद केला. ते खरं असल्याशिवाय मला सांगता येत नाही. मी कॉफी सावकाश पिते, तुला माहीत आहे.

काही बाबतींत अजून तुझीच,
मारिट