ॲमंडाबाईंची यादी

अल मजाज, शारजा
७ नोव्हेंबर २०२५

प्रिय बर्नार्ड,

सुझीला नमस्कार, ग्लेनला आशीर्वाद, आणि तुला या दोहोंपैकी जे पचेल ते. साधना बरी आहे. मी नेहमीसारखा, म्हणजे तिच्या मते बरा नाही.

"फोटो नको, पत्र लिही. तुझ्या फोटोत निम्मा तुझा अंगठाच असतो," असं मी इंग्लंडला निघताना तू बजावलं होतंस. पत्राला सहा आठवडे लागले. गेल्या शुक्रवारी खोर फक्कानला दोन तास तुझ्या उशाशी बसलो, तेव्हाही चर्चचं नाव काढलं नाही. ग्लेनच्या नव्या एसीवर व्याख्यान दिलं. का, ते येईलच पुढे.

तर चर्च. आपल्या रास अल खोरच्या गोदामात तुझ्या टेबलामागच्या कॅलेंडरवर अकरा वर्षं एप्रिल २०१४ हाच महिना चालू होता, कारण त्या पानावर हे चर्च होतं आणि तू पान उलटू देत नव्हतास. ईश्वरीचं पदवीदान आटोपल्यावर तिला म्हटलं, तिकडे ने. "बाबा, टू अवर्स फॉर अ कॅलेंडर?" म्हणाली, पण नेलं.

चित्रापेक्षा लहान आहे. दगडी, बुटकं, भोवती शेतं आणि मेंढ्या. दारावर जाळी, आत पक्षी शिरू नयेत म्हणून. तू म्हणायचास, "आता ते प्रोटेस्टंटांचं, पण बांधलं तेव्हा आमचंच होतं." म्हणून मी तुझ्या वतीने मालकाच्या ऐटीत शिरलो आणि चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. आत आपल्या कोल्ड स्टोअरेजची थंडी. गुडघे टेकायच्या उशांवर गावातल्या बायकांनी भरतकाम केलंय: एकीवर ससा, एकीवर चक्क ट्रॅक्टर.

भिंतीवर १२९१पासूनच्या पाद्र्यांची नावं रंगवली आहेत. १३४९ या एका सालासमोर तीन नावं. प्लेगचं वर्ष. एक गेला, दुसरा आला, तो गेला, तिसरा आला. त्यांना कुणी "साधी सूज आहे, उतरेल" असं सांगितलं नसावं.

फुलं लावणाऱ्या एक सत्तरीच्या बाई होत्या, ॲमंडा. कुणासाठी प्रार्थना हवी आहे का, म्हणाल्या. त्यांच्या वहीत समोरासमोर दोन पानं: डावीकडे आजारी, उजवीकडे दिवंगत. मी तुझं नाव सांगितलं. पुढे गोत्र जिभेवर आलं होतं, ते गिळून आडनाव, वसई, तुमचं पॅरिश असं सांगू लागलो. बाई हसल्या. "फक्त नाव पुरे, बाकी देवाला ठाऊक असतं." मी म्हटलं, आमच्याकडे देवालाही पूर्ण पत्ता लागतो.

त्यांनी डावीकडे लिहिलं: बर्नार्ड. म्हणाल्या, "चार रविवार वाचू. नंतर कळवा. लोक बरे होतात आणि सांगायला विसरतात, मग यादी वाढत जाते."

बर्नार्ड, इथून पुढचं एकट्याने वाच.

तुझ्या यकृताला सूज नाही. कॅन्सर आहे, आणि तो पसरलाय. हे मला इंग्लंडला जायच्या आधीपासून माहीत आहे. सप्टेंबरात डॉक्टरांनी सुझीला आणि ग्लेनला सांगितलं, "वसईला न्यायचं असेल तर महिन्याभरात न्या." हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आम्ही तिघं बसलो. सुझी म्हणत होती, "त्याला सांगू या, भाऊजी. आईला भेटून तरी येईल." नको, तो धसका घेईल, हे मी म्हणालो. वर एक संस्कृत वचन फेकलं, ज्याचा पुढचा-मागचा संदर्भ मलाही आठवत नव्हता. तिने माझं ऐकलं. तिच्यावर चिडू नकोस.

तुला घाईने वसईला न्यायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायचं नव्हतं, म्हणून नेलं नाही. "ख्रिसमसला जाऊ," तू म्हणालास. आम्ही तिघांनी एका सुरात इन्शाल्ला म्हटलं. तुझ्या आईने फोन केला, तेव्हा "डिसेंबरात येतोय, मावशी" असं मीच ओरडून सांगितलं, तिला ऐकू कमी येतं म्हणून. तिने दोनदा वदवून घेतलं.

सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं की आता विमानप्रवास शक्य नाही. स्ट्रेचरवरही नाही. मी दोन वेळा विचारलं. खलास.

म्हणजे वसई नाही. आईच्या हातचं नाही, वडिलांच्या कबरीशेजारची जागाही, निदान तुझ्या पायांनी चालत जाऊन बघायला, नाही. तो एक महिना तुझा होता आणि तो आम्ही मायेने वापरून टाकला. माफी मागत नाही. तुला माफ करायची वाईट खोड आहे, तिचा फायदा घेतल्यासारखं होईल.

ॲमंडाबाईंची मेल येऊन पडली आहे. चार रविवार झाले. विचारतात, बर्नार्ड कसे आहेत? नाव काढायचं, ठेवायचं, की काही वेगळं कळवायचं आहे? ते वेगळं म्हणजे उजवं पान, हे लिहायचं बाईंनी सभ्यपणे टाळलंय. मी उत्तर दिलेलं नाही.

चर्चची पुस्तिका सोबत आहे, पत्र तिच्यात ठेवलंय. आपला ड्रायव्हर मोहिद्दीन उद्या माल घेऊन तिकडे येतोय, तो तुझ्याच हातात देईल. रविवारी सकाळी मी येतो. हाकलायचं असेल तर ग्लेनला सांगून ठेव, दारातूनच परत जाईन. आत घेतलंस तर मला सांग: बाईंना काय लिहू, आईला काय सांगू, आणि फोन तू करणार की मी. काहीच सांगायचं नसेल, तर तेही तूच सांग.

तुझ्या वतीने बोलायचं आता थांबवलेला,
हेमचंद्र