करंजाची साल आणि माझं मौन

५ एप्रिल, शनिवार
माधवी लेकी, ही वही तूच दिलीस. आठवतंय? न्हाय. शहरात टिळकवाडीला राहायला गेल्यापासून तू गॅसवर दूध ठेवून शेजारी जातेस, तुला काय आठवणार. मला अक्षर येत न्हाय. मी सांगते, तुझी भाची तेजस्वी लिहिते.
मानेला, कानामागं लई खाज. तुझ्या नागेंद्रच्या लग्नाला तीन आठवडे. नवरदेवाची आजी खाजवत बसली तर व्हिडिओत तेवढंच येईल. डॉक्टर नको. सांजेला बांधावरच्या करंजाला हळदकुंकू वाहून आवतण दिलं, उद्या येते, साल दे. साल घरी येईपर्यंत बोलायचं न्हाय, बोललं की गुण गेला. माझ्यासारखी गप्प बसणारी गावात न्हाय.

६ एप्रिल, रविवार
साल आणली. वाटेत शेजारच्या भरमूनं विचारलं, "आक्का, कुठं?" बोलले न्हाय. त्याची म्हैस आमच्या उसात शिरलीय, एवढंच सांगितलं. काढ्यानं मान धुतली, करंजेल लावलं. पथ्य सुरू. वांगं, लोणचं, तुझ्याकडचा खव्याचा कुंदा बंद.
दुपारी नेहमीप्रमाणं केसाला काळं लावलं. हे लिहू नको गं.

९ एप्रिल
खाज निम्म्यानं कमी. तेजस्वी म्हणते, आजी, तुझा हात मानेवरच आहे. मी चोळत होते. लोणच्याची फोड खाल्ली, खार न्हाय.

१३ एप्रिल, रविवार
खाज कपाळावर आली. आतलं बाहेर पडतंय, चांगली खूण. परत साल. वाटेत भरमूचा फोन आला, तेवढा घेतला. फोन त्यानं केलता, मी न्हाय. लग्न जवळ आलं म्हणून काळं दोनदा लावलं. लिहू नको.

१८ एप्रिल
डोळे सुजून बंद. गुण गेला तो भरमूमुळं. तेजस्वीनं निपाणीला डॉक्टरणीकडं नेलं. बाईनं मान बघितली, मग केस. मी म्हटलं, उपजत काळे आहेत. पोरीनं ही वही पुढं केली. जे जे लिहू नको म्हटलं, ते सगळं लिहिलेलं.
बाई म्हणाल्या, "आजी, खाज त्या काळ्यानं आलीय. ते बंद करा. झाडाला कशाला त्रास?"

२७ एप्रिल, रविवार, लग्नाहून आल्यावर
सूज उतरलेली, खाज न्हाय. लग्नाला पांढऱ्या डोक्यानं गेले. मांडवात तू माझ्यासमोरनं दोनदा गेलीस, ओळखलं न्हायस. विसराळूच तू.
पथ्य सुटलं. भरमूवर उगीच आळ घेतला, त्याचं तोंड गोड करायचंय. अर्धा किलो कुंदा पाठव. मी खाणार न्हाय, चव बघेन. हे लिहू नको गं. लिहितेसच? मग एक किलो लिही.