गोठ्यावरून घरंगळलेला गोळा

सौ. सुमन हिस,

चिरंजीव लिहायचं सोडलं. ते तू खोटं पाडलंस. सौभाग्यवती मात्र लिहायला लावलं. अहेव गेलीस, मळवट भरून गेलीस, ते तुझ्याकडून कोण काढून घेणार?

सांगतेय मी आणि लिहितोय तुझा नवरा. मी पाटीला कधी हात लावला नाही, हे तुला ठाऊकच आहे. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला की तूच माझा अंगठा शाईत बुडवायचीस. "आत्या, दाबा की जरा. भाकरी थापल्यागत," म्हणायचीस आणि पदर तोंडाला लावून हसायचीस. आता आनंदा मी बोलते तसं लिहितोय की पलटणीतलं काही घालतोय, ते देवाला ठाऊक. तू नीट बघून घे.

आजच का लिहायला बसले, ते सांगते. आज अविधवा नवमी. तुझं पान सकाळी गोठ्याच्या पत्र्यावर ठेवलं. भात, आळूची भाजी, वडे, तांदळाची खीर. आणि आनंदानं हट्टच धरला, म्हणून खिम्याचे दोन गोळे. "तिच्या हातची जिन्नस, तिला ठेवायची न्हाई व्हय?" म्हणाला. ठेवले बाई.

कावळा आला. भाताकडं बघितलं नाही, खिरीकडं बघितलं नाही. सरळ गोळ्याला चोच मारली. आणि गोळा काय फुटतोय! टणटण वाजत पत्र्यावरून घरंगळला आणि खाली गव्हाणीत जाऊन पडला. म्हैस बिचकली. कावळा उडाला आणि शेवग्यावर जाऊन बसला. तो अजून तिथंच आहे.

शेजारची पारूबाई म्हणाली, "चोच लागली, म्हंजे शिवला." मी म्हटलं, "चोच मारून पळाला त्याला शिवला म्हणत न्हाईत. तो नापास करून गेलाय."

मग हात जोडून कबुल्या सुरू झाल्या. पारूबाई मला म्हणाली, "म्हणा, आनंदा दुसरं लगीन करायचा न्हाई." मी म्हटलं, ते त्याचं तो बघेल, माझ्या तोंडानं कशी कबूल करू? (हे लिहू नको म्हणतोय. लिही रं.) मग मी म्हटलं, "सुमे, तुझ्या लेकीची, छबूची, काळजी करू नको." तर कावळ्यानं मानच फिरवली! त्याला कळलं गं. खोटी कबुली कावळ्याला कळते.

म्हणून हे पत्र. खरं काय ते तुला सांगायला पाहिजे.

तुला आठवतंय का, दुष्काळात शिवारात ज्वारी पिकली नाही आणि रेशनचा गहू घरात आला? आम्हाला वाटलं, मज्जा झाली, रोजची दिवाळी! आणि आपली छबू त्याच गव्हावर वाळत गेली. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. मी दृष्ट काढली, मीठ-मिरच्या ओवाळल्या. तू ऐकलं नाहीस. पोरीला पाठुंगळीला मारून एस्टीनं मिरजेला गेलीस. डॉक्टरनं सांगितलं, हिला गहू सोसत नाही. चपाती नको, पाव नको, रवा नको, जन्मात नको. ज्वारी द्या, तांदूळ द्या. आणि अंगात मांस भरायला मटण द्या.

मी तेव्हा म्हटलं होतं, "घ्या! गव्हाला नाक मुरडणारी पाटलीण जन्माला आली." तू हसलीस. पण पोरीला मटणाचा तुकडा चावेना. चघळायची आणि पानाच्या कडेला लावायची.

तेवढ्यात आनंदा सुट्टीवर आला. त्यानं सांगितलं, मेसमध्ये खिम्याचे गोळे करतात, आत पाव भिजवून घालतात, म्हणून मऊ होतात. सांगून हा मोकळा! पाव म्हणजे गहूच की. तिसऱ्या दिवशी तू ज्वारीच्या कण्या शिजवल्यास. मऊ शिजवून, ताटात पसरून गार केल्यास, आणि खिम्यात घातल्यास. तुझ्या परड्यातल्या चुलीवर.

ती चूल माझ्यासाठीच तिकडं घातली होती ना! माझ्या गळ्यात माझ्या आईची माळ. ती गेली तेव्हा तिच्या गळ्यातून माझ्या गळ्यात आली, तेव्हापासून मी वशट खाल्लं नाही. म्हणून मटणाची चूल मागं, तुळशीच्या पलीकडं. मी मागच्या दारात नाकाला पदर लावून उभी राहायची आणि तुला डिवचायची.

"काय गं, आज कुणाचा जीव शिजवतीयास?"

"आत्या, नुसत्या वासानं माळ तुटत न्हाई. या की बसा."

"मी न्हाई यायची. यमाच्या दारात तुझ्यासंगं रांगंत उभं ऱ्हायाचं व्हय मी?"

"चला, तिथं तरी सोबत हुईल. शिकवू का आत्या गोळं?"

"मला? मला शिकून काय वर हाटेल काढायचंय?"

मग का गं हट्ट केला नाहीस? एरवी प्रत्येक गोष्टीत उलट बोलायचीस. दारातून ओढायचं होतंस मला, दाखवायचं होतंस. हसून सोडून दिलंस. आणि उन्हाळ्यात तुला कावीळ झाली आणि शिकवायचं ते शिकवायचंच राहिलं.

तू गेलीस आणि छबूनं खाणं सोडलं. भाकरीचा पापुद्रा खाते, ताक पिते, बास. मला वाटलं, गोळे करते. कण्या मला येतात, खिमा मुलाणी तोडून देईल, त्यात काय काशीला जायचंय?

मुलाण्याच्या दारात गेले, तर तो सुरी हातातच धरून उभा राहिला. "आक्का, माळ घालून इथं? देव कोपंल की!"

"देवाला मी सांगून आलीया. तू खिमा बारीक तोड."

घरी येऊन केलं सगळं. कण्या, कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर. कमरेला पदर खोचला आणि खिमा असा मळला, असा मळला, की बघणाऱ्यानं वाहवा म्हणावं. गोळे वळले तर एकेक लिंबासारखा, कुठं चीर नाही. रश्श्यात सोडले. मग आंघोळ केली.

आनंदा जेवला. "फस्क्लास झालंय आये!" म्हणाला. छबू म्हणाली, "चांगलं झालंय आजी." मला आभाळ ठेंगणं! मी काही खाऊन बघत नाही, माझा सगळा कारभार दुसऱ्याच्या जिभेवर. ते म्हणाले चांगलं, तर चांगलं.

मग दर दोन-चार दिवसांनी गोळे. आता तर पितरांमुळं गावात रोज बकरं पडतंय, खिम्याला तोटा नाही. मी मळतेय, वळतेय, आंघोळ करतेय. पोरगी मात्र भरेना. भरला कोण? मोती! कुत्रं असं गुबगुबीत झालं, की पारूबाईनं विचारलं, "कुत्रीला पिल्लं हुणार का काय?" म्हटलं, अगं तो कुत्रा आहे!

परवा गोठ्यात शेण काढायला वाकले, तर जात्याच्या तुटक्या तळीमागं गोळे. लपवून ठेवलेले. मोतीलासुद्धा पुरे झाले असतील.

छबूला मांडीवर घेतलं. मारलं नाही हं, शपथ. म्हटलं, "खोटं का बोललीस गं?"

म्हणाली, "आजी, दात दुखत्यात. गिळत न्हाई. पन तू सारखी आंगुळ करती आन् खोकती. मग मी कसं सांगू?"

सुमे, मी पदरानं तिचं तोंड पुसलं.

आनंदाला विचारलं, "तू रं? तू फस्क्लास म्हणालास." तो खाली बघत म्हणाला, "पलटणीत ह्याच्यापेक्षा टणक खाल्लंय आये." बघ, हा तुझा नवरा! आता लिहितानाही खालीच बघतोय.

मग पोरीला विचारलं, आई कशी करायची? ती म्हणाली, "आई हातच लावायची न्हाई."

"हात न लावता गोळा वळतोय व्हय?"

"तसं न्हवं गं." आणि तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली, कोंबडीचं आत्ता अंड्यातून निघालेलं पिल्लू धरावं तशी. "असं. मग ठेवायची. झालं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं, मी भाकरीचं पीठ मळतेय! तळव्यानं रगडून, जीव काढून. ज्वारी तशी मळली नाही तर भाकरी चिरते. मला परकर नेसायचं कळत नव्हतं तेव्हापासून हे हात तेच करतायत. आणि तुझे हात कसे? तुझ्या भाकरीला कधी धड पदर सुटला नाही. परातीतच फाटायची. मी सगळ्या आळीला सांगायची, "आमच्या सूनबाईचं हात लोण्याचं हायत, भाकरी थापायची म्हंजे वितळत्यात." तू म्हणायचीस, "मग तुमचं हात काय पाट्याचं हायत व्हय?" बरोबर म्हणायचीस. पाट्याचेच आहेत.

कळलं, तरी वळेना गं. काल पुन्हा केले. हाताला बजावलं, दाबू नको. अर्ध्यापर्यंत ऐकतो, आणि मन जरा पोरीकडं गेलं की हा बाबा आपला रगडायला लागतो. हाताला कुणी सांगायचं, की हा खिमा आहे, पीठ नव्हे? माझं कुणी ऐकत नाही हे मला ठाऊक होतं. माझे हातही ऐकत नाहीत, हे आत्ता कळलं.

कालचेच गोळे आज तुझ्या पानावर होते. कावळ्याचा काही दोष नाही.

आणि कावळ्याला ठाऊक नाही ते सांगते. गेल्या आठवड्यात इस्लामपूरहून तुझा भाऊ आला होता. पोरीचं मनगट त्यानं दोन बोटांत धरलं आणि मला म्हणाला, "मावशी, पोरगी निस्ती हाडं राहिलीत. आनंदरावांची सुट्टी संपायच्या आत न्हेतो आमच्याकडं." मी पोरीची बाही मनगटावर ओढली.

तुझी वहिनी जीव लावेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यांचा कारखान्याचा पगार, घरात दोन वेळा चपाती. परातीला गव्हाचं पीठ, पोळपाटाला गव्हाचं पीठ. चार पोरं चपातीची सुरळी करून खातात आणि आपली छबू बघत बसणार? किती दिवस बघेल? एक दिवस चोरून खाईल, आणि पुन्हा तो नगारा. पण इथं ठेवून तरी मी काय घालणार तिला? तुझा भाऊ परवा तिला न्यायला यायचा आहे. मी दारात उभी राहून काय सांगू, की माझ्या हातांना शिकवतेय, थांब?

आनंदाला विचारलं तर म्हणतो, "तू म्हणशील तसं आये." त्याच्या बापाचीच रीत. सगळं माझ्यावर टाकायचं आणि टोपी घालून जायचं.

तर ऐक, सुमे. आता कबुली.

मऊ करीन असं मी कबूल करत नाही. ते माझ्या हातात नाही. म्हणजे हातातच आहे, तेच तर दुखणं. पण ह्या घरात ह्यापुढं खोटं "चांगलं झालंय" चालायचं नाही. उद्या सकाळी खिमा आणते. गोळे करते. आणि पहिला गोळा माझ्या तोंडात.

हा थांबला लिहायचा. "आये, आजीची माळ हाय ती," म्हणतोय. मला काय ठाऊक नाही? माझ्याच आईची ना? लिही.

माळ काढून विठोबाच्या पायाशी ठेवीन. म्हणीन, देवा, तुझे हात कमरेवर आहेत, माझे खिम्यात, तुला माझं कसं कळावं? नातीनं पोटभर खाल्लं की माळ परत मागीन. दिली तर दिली. नाही दिली तर आईला वर गेल्यावर सांगीन काय ते. ती पण कुणाची तरी आजीच होती.

आणि माझ्यासारखा पारखी दुसरा कोण मिळणार? तोंडात चार दात, तेही एकमेकांना भेटत नाहीत. ह्या तोंडात जो गोळा विरघळला, तो छबूच्या तोंडात विरघळलाच पाहिजे. कडक झाला तर कडक म्हणीन, सगळं पुन्हा करीन. तुझा भाऊ परवा आला की त्यालाही पाटावर बसवीन आणि एक गोळा वाढीन. कडक निघाला, तर मी स्वतः छबूची पिशवी भरून देईन. रडेन, पण भरून देईन. हे कबूल. आता तरी त्या कावळ्याला सांग.

हे पत्र पोस्टात टाकून काय उपयोग? परड्यातल्या तुझ्या चुलीत घालते. उद्याचा जाळ त्याच्यावरच पेटवीन, म्हणजे तुझं लक्ष गोळ्यांवर राहील.

आनंदाला म्हटलंय, खाली थोडी जागा सोड आणि तुला काय लिहायचं ते लिही. मी बघत नाही. बघून तरी मला काय कळणार आहे! तो लिहितोय बघ. बराच वेळ लिहितोय. मी शेवग्याकडं बघत बसले आहे.

तुझी सासू,
सोनाबाई

(हा माझा अंगठा. दाबून लावलाय. इथं दाबलेलं चालतं.)