काळ्या क्रुसाखालचं नाव

बुधवार, ३ ऑक्टोबर
हुशेनी गावाला सुखरूप पोहोचलो. हवा छान आहे, रस्ताभर अक्रोड पडलेत. जुनी हवेली गेल्या आठवड्यात जळाली. छप्पर गेलं, मधला भाग खाली बसला. पण निळ्या फरश्यांनी मढवलेल्या, माणसाहून उंच अशा तीन शेगड्या शाबूत आहेत. त्या न फोडता उतरवायच्या, हे माझं काम. हवेलीचा पहारेकरी गेरासिम आग लागल्यापासून बेपत्ता आहे. त्याच्याच घरी, त्याच्या बायकोकडे उतरलोय. सफ्ता तिचं नाव. मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा गरम घट्ट लगदा, वाढत म्हणाली, "पोटभर खा, मिस्त्री. आमचे हे आले की तुम्हाला खरवडही उरायची नाही." मी हसलो. ती हसत नव्हती.

गुरुवार, ४
दुपारी मधल्या शेगडीत हात घातला, तर आतून तीन ठोके आले. थांबून पुन्हा तीन. मजूर तोदेर म्हणाला, भूत असलं तरी कामावर वेळेत येतंय, आपल्यासारखं नाही. सफ्ता धावत आली. गेरासिम चिलीम अशीच झटकतो म्हणाली, खणा म्हणाली. हवेलीचा कारभारी म्हणाला, "इतके दिवस मातीखाली? बाई, नवरा होता की बटाटा?" सगळे हसले. मला वाटलं, बिचाऱ्याला मूठमाती मिळाली नाही, म्हणून आत्मा तळमळतोय.

शुक्रवार, ५
ठोके दिवसभर चालू. लक्ष लागेना, एक फरशी फुटली. उद्या शनिवार, मृतांचा दिवस. चर्चमध्ये द्यायच्या चिठ्ठीत लाल क्रुसाखाली जिवंतांची नावं लिहितात, काळ्याखाली मेलेल्यांची. सफ्ताने गेरासिमला लालखाली लिहिलं आणि चिठ्ठी माझ्याकडे दिली. तिचे गुडघे दुखतात. वाटेत मी ते नाव खोडून काळ्याखाली लिहिलं. त्याला शांती मिळावी, एवढंच मनात होतं.

शनिवार, ६
घंटा झाली, पाद्रीबाबांनी गेरासिमचं नाव वाचलं. परत येऊन शेगडीला कान लावला. शांत. देवाचे आभार मानले.
तोदेर सांगतो, सकाळी घंटा झाली तेव्हा दोन ठोके आले. तिसरा आलाच नाही.

सोमवार, ८
मधली शेगडी उतरवली. तिच्या मागून धुराची वाट खाली तळघरात जाते. खालून आंबवलेल्या कोबीचा वास येतो. रात्रभर झोप नाही.

मंगळवार, ९
वाट मोठी करून उतरलो. कोबीचं पिंप निम्मं रिकामं. सफरचंदांचे गाभे, काही अजून ओले. गेरासिम भिंतीला टेकून बसलेला, हातात चिलीम. कुठेही भाजलेला नाही. डॉक्टर म्हणाले, शनिवारपर्यंत जिवंत असावा.
मी खणलं असतं तर —

गुरुवार, ११
त्याला पुरलं. पाद्रीबाबा सफ्ताला धीर द्यायला म्हणाले, नाव तर शनिवारीच वाचलंय, तुझ्याच चिठ्ठीतलं. तिने माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी जेवायला वाढलं.

शुक्रवार, १२
तिने विचारलं, मिस्त्री, तुमचं बाप्तिस्म्याचं नाव काय. इलारिऑन, म्हणालो. का सांगितलं — प्रार्थनेत मन लागत नाही — उद्या शनिवार —

शनिवार, १३
ती दुखऱ्या गुडघ्यांनी कधीच चर्चला गेली. मेजावर तिने आधी लिहून पाहिलेली चिठ्ठी. लाल क्रुसाखाली कोणी नाही. काळ्याखाली गेरासिम. त्याच्याखाली —

जोडे सापडत नाहीत. चर्च दोन शेतांपलीकडे —

घंटा झाली. आता नावं. खिडकीबाहेरून तोदेर जातोय. हाक मारतो तर आवाज फुटत नाही. मेजावर ठोकतोय, ऐकेल तो —

एक. दोन