जानरावांची पेटी

अमरावती,
ता. ५ नोव्हेंबर १९६१

आदरणीय इंदूबाई यांस,
सप्रेम जयभीम.

आम्ही मायलेक बरे आहोत. तुमच्या शाळेची तपासणी सुखरूप पार पडली असेल. तुम्हाला एक विचारायचं आहे. आधी पेटीची हकीकत लिहितो, म्हणजे हात जरा सैल होईल.

तुमच्या यजमानांची, जानरावांची, सभेत मायक्रोफोनला जोडायची पेटी देताना तुम्ही म्हणालात, "पडून गंजण्यापेक्षा कामी येऊ द्या." ती कामी आली. किरणोत्सर्ग मोजायची नळी मी घरीच केली: पितळेची, मधोमध केसासारखी तार. किरण आत शिरला की तारेत विजेचा झटका उठतो, पण फार क्षीण. तो वाढवायला ही पेटी. मात्र माणसाचा आवाज लांबतो आणि झटका क्षणात विझतो, म्हणून आतले दोन कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणाऱ्या नळकांड्या, काढून लहान घातले. आता रेडियमच्या काट्यांचं घड्याळ नळीजवळ नेलं की पेटी टकटक बोलते. जानरावांसारखा भरदार आवाज मात्र तिच्यातून आता नीट निघणार नाही. ते कंडेन्सर काढताना हात थबकला होता. चहाच्या डब्यात कापूस घालून ठेवले आहेत.

एक गंमत. रोज सकाळी ठोके वाढायचे. मी हुरळलो, कॉलेजात सांगूनही आलो की अमरावतीला सकाळी किरण जास्त येतात. मग आई वलगावला मावशीकडे गेली आणि सकाळ गप्प! आई जात्यावर ज्वारी दळायची, त्या हादऱ्याने पेटीतला व्हॉल्व्ह, तो काचेचा दिवा, थरथरायचा, आणि मी ते किरण म्हणून मोजत होतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे तू इतके दिस माह्यं दळनच मोजून राह्यला व्हता?" व्हॉल्व्हखाली तिच्याच जुन्या चपलेचं रबर घातलं. कॉलेजात जाऊन चूक सांगितली. सगळे हसले, मीही हसलो.

काल तीच म्हणाली, "त्या पेटीले कान लाऊन कावून बसून राह्यला रे? जिची पेटी हाय तिलेच घरी आन ना!"

मी म्हटलं, "आई, जानरावांना जाऊन तीनच वर्षं झाली."

"तीन वर्सं थोडी हायत का? अन् तू का आता लहान हायस? तिले इचार. नाही म्हनीन तं म्हनीन, खाऊन टाकते का तुले?"

तर विचारतो. इंदूबाई, तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?

ही दया नाही. एकटेपणा अजिबात नाही असं लिहिलं तर खोटं ठरेल. थोडा तोही आहे. पण जठारपेठेतल्या तुमच्या घरी पेटी देताना तुम्ही ती पदराने पुसत होता, तेव्हा मी पेटीकडे पाहत नव्हतो. मला स्वतःवर चटकन विश्वास ठेवायची सवय नाही. वर्षभर पडताळून पाहिलं. हे जात्याचे ठोके नाहीत.

नकार असला तर संकोच करू नका. जुने कंडेन्सर परत बसवीन आणि पेटी होती तशी आणून देईन, मनात काही ठेवणार नाही.

होकार असला, तरी तो चहाचा डबा आपल्या घरात राहील.

आईने सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून विचारणारा,
शेषराव