अट चौथी

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचा कोल्हापुरात! गारगोटीहून सकाळच्या गाडीला बसलो, म्हणजे दहापर्यंत घरात पाहिजे होतो. पण स्टँडबाहेर एक जण नारळ सोलत होता, एका हातानं, ते बघण्यात अर्धा तास गेला. मग मिसळ. मग पत्ता शोधताना एका गल्लीत म्हशी धुवायचं काम चाललेलं, तिथं मीच पाइप धरून उभा राहिलो. पोचलो तेव्हा एक वाजलेला.

पण खोली झ्याक हाय. दुसरा मजला, नवा रंग, मोझॅकची गुळगुळीत फरशी, खिडकीत मनीप्लांट. 'घरराखण' नावाच्या साइटवर मिळाली. रिकामं घर असलेले लोक घर देतात आणि माझ्यासारखे भटके ते राखतात. भाडं नाही, झाडलोट करायची, झाडांना पाणी घालायचं, बस. अटी अकरा होत्या, मी एकच वाचली, चौथी: राहणाऱ्याला कधीही सोडून जाता येईल. मला तेवढीच कामाची. बारावी सोडली, गॅरेज सोडलं, केटरिंग सोडलं, पुण्यातली खोली सोडली. इथंही पंधरा तारखेपर्यंतच. चंदगडला माझ्या दोस्तानं, कृष्णातनं, काजूच्या कारखान्यात माझी जागा धरून ठेवलीय. पंधराला संध्याकाळपर्यंत पोच, न्हाईतर दुसरा घेतो, असं बजावलंय त्यानं.

साइटवर आधीच्या माणसाचा अभिप्रायही आहे. राजवीर नावाचा. पाच तारे देऊन लिहिलंय, इथून जावंसंच वाटत नाही. चपला मात्र दाराशीच विसरून गेलाय बिचारा. चांगल्या करकरीत आहेत, माझ्या मापाच्या.

किल्ली खालच्या मजल्यावरच्या तानाबाईंकडं होती. त्यांच्या दोन म्हशी आहेत. किल्ली देताना म्हणाल्या, पावणं, दूध हितनंच घ्यायचं, पिशवीचं आणलेलं दिसलं तर जिन्यात आडवी पडंन.

ही वही मामेबहीण मनालीनं दिली. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं, तुझं काल काय झालं ते तुला आज आठवत नाही, लिहीत जा.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी तीनच्या सुमाराला गल्ली पार झोपते. म्हशीसुद्धा. मी आडवा पडलो होतो, तर पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीतून आवाज यायला लागला. शेजारचा कुणीतरी वाचत असावा. पेपर वाचून दाखवावा तसा सपाट आवाज, शब्द कळत नव्हते. वाचायचा, थांबायचा, पुन्हा वाचायचा.

मी आपलं पडल्या पडल्या व्हय म्हणत होतो. ही आज्याची सवय. आजा गोष्ट सांगायचा तेव्हा दर वाक्याला व्हय म्हणावं लागायचं. नाही म्हटलं तर आजा तिथंच थांबायचा आणि राजकुमार रात्रभर विहिरीत लोंबकळत राहायचा. तेव्हापासून कुणी बोलायला लागलं की माझ्या तोंडून व्हय सुटतंच. आईचा फोन असो नाहीतर कंपनीचा. मनाली म्हणते, तुझ्या व्हयला काडीची किंमत नाही, तू झोपेतही देतोस.

मजा म्हणजे, मी व्हय म्हटलं की मगच तो पुढं वाचायचा.

८ फेब्रुवारी, शनिवार

साइटवरून मेसेज आला: वापराच्या अटी बदलल्या आहेत, वापर चालू ठेवल्यास त्या आपल्याला मान्य आहेत असे समजले जाईल. असले मेसेज कोण वाचतं! पण मनाली आली होती, तिनं माझा फोन ओढून घेतला. चौथी अट बदललीय. आता सोडून जाण्याआधी एक दिवस कळवायचं.

एवढंच ना, म्हटलं मी. पण तिला वकिली चढली. चहाचा कप हातात धरून अर्धा तास. म्हणे, असं कुणाला गुपचूप बांधता येत नाही. तू नुसता राहतोस म्हणजे मानलंस, हा त्यांचा कायदा. मी पाटी बदलली आणि तू गल्लीतून चाललास म्हणून तू माझा नोकर झालास का? बदल तुझ्या कानावर घातला पाहिजे, आणि तू होकार दिला पाहिजे. मी विचारलं, सही लागते का? तर म्हणाली, सगळीकडं नाही. तोंडी होकारही कित्येकदा चालतो, लिहून दिला तर प्रश्नच मिटला.

मी व्हय व्हय म्हणत होतो. तिनं पाठीत गुद्दा घातला.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज शब्द कळले.

तीन वाजून दहा मिनिटं. तोच आवाज. मी मनीप्लांटला पाणी घालत होतो, लक्ष नव्हतं. वाक्य संपलं, आवाज थांबला, माझं व्हय गेलं. आणि मग डोक्यात शिरलं तो काय वाचत होता ते. अट चौथी. दुसरा येईपर्यंत राहणाऱ्याने थांबावे.

फोन उघडला. साइटवर तीच अट, त्याच शब्दांत. खाली बारीक अक्षरात: आपण मान्य केले, दुपारी ३.१०. त्याच्याखाली शनिवारी बदललेली अटसुद्धा होती. मान्य केले, बुधवार, दुपारी ३.१०. म्हणजे मेसेज आला त्याच्या तीन दिवस आधी.

शेजारच्याला जाब विचारावा म्हणून खाली गेलो, घराला वळसा घातला. त्या भिंतीला शेजार नाही. बाहेरून सांडपाण्याचा पाइप आहे आणि खाली तानाबाईंचा गोठा. मधे नुसती हवा.

आमच्या घरात भूतबीत मानत नाहीत. कुणी काही सांगायला लागलं की आई म्हणते, पुरावा दाखव. आई, पुरावा कुठून दाखवू?

१२ फेब्रुवारी, बुधवार

गेलो. सकाळीच पिशवी भरली, किल्ली तानाबाईंच्या पायरीवर ठेवली, चंदगडची गाडी पकडली. खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टर आला, कुठं म्हणाला. मी चंदगड म्हणायला तोंड उघडलं आणि या घराचा पत्ता बाहेर आला. गल्ली, मजला, सगळं. तो हसला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडीतली माणसं वळून बघायला लागली. तो म्हणाला, पावणं, ही गाडी चंदगडला जाती की, तुमच्या जिन्यातनं न्हाय जात, उतरा बघू.

हसले सगळे. मीही हसलो. उतरलो.

मग चालत निघालो, गडहिंग्लजच्या दिशेनं. निदान मला तसं वाटलं. कितीतरी वेळ चाललो. मान वर केली तर समोर म्हशी.

किल्ली माझ्या खिशात होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

तानाबाईंना राजवीरचं विचारलं. गुणाचं पोरगं, म्हणाल्या. पण दुपारचं एकटंच बडबडायचं. बडबडायचं म्हणजे काय, नुसतं व्हय, व्हय. मग एक दिवस दूध घ्यायला उतरलंच नाही. वर जाऊन बघितलं तर खोली रिकामी, चपला दारात. त्या म्हणाल्या, आजकालची पोरं, अनवाणी जात्यात कुठं कुठं.

मी विचारलं, आवाज कसा होता त्याचा? म्हणाल्या, सपाट. पेपर वाचल्यागत.

मनालीला सगळं सांगितलं. आधी हसली. मग वकिलासारखी बोलायला लागली, मला तेच बरं वाटलं. म्हणाली, आधीचं व्हय तू न ऐकता दिलंस, त्यावर भांडता येईल. पुढचं देऊ नकोस. होकार नाही तर करार नाही. मी साइटवर मला मान्य नाही असं लिहून पाठवलंय. उत्तर आलं: आपला नकार नोंदवला आहे. पुढील वाचन उद्या दुपारी ३.१० ला.

ती म्हणाली, दुसरा येईपर्यंत थांबायचंय ना? मी येते राहायला, तू सूट. मी न्हाय म्हटलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी चटकन न्हाय म्हटलं असेल. ती रडली. जिना चढायचा नाही म्हणून शपथ घातलीय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तीनला टॉवेल तोंडात कोंबला. वरून मफलर बांधला.

त्यानं वाचलं. अट चौथी. राहणाऱ्याने आतच राहावे, आणि पुढच्याला वाचून दाखवावे.

थांबला.

पुन्हा वाचलं. सात वेळा. मग वाचायचं सोडून म्हणाला, ऐकतोयस न्हवं? मित्रा, व्हय म्हण की. तू म्हटलंस तर मी सुटंन.

व्हय गळ्यापर्यंत आलेलं. गिळलं. टॉवेलला रक्त.

चारला आवाज बंद झाला. जिंकलो. कृष्णातला फोन केला, उद्यापर्यंत जागा धर. तो म्हणाला, अरे नुसता पत्ता काय सांगतोयस सारखा?

१५ फेब्रुवारी, शनिवार

२.५५. टॉवेल. मफलर. कापूसही घातलाय कानात. मनाली खाली गोठ्यापाशी उभी आहे, वर बघतेय. मी खिडकीतून हात केला. चार वाजेपर्यंत तग धरायचा, मग दोघं मिळून काहीतरी —

नुसतं बसलो तर ऐकू येतं. म्हणून लिहीत बसतो. हात गुंतला की डोकं गुंततं. काहीही लिहायचं. गारगोटीचा बाजार. काजू. एका हातानं नारळ —

३.०८. दाराशी चपलांचे दोन जोड. दुसरा माझाच. मी आत काढल्या होत्या —

३.१०. कापसातून येतंय. भिंतीतून नाही. जवळून —

वाचतोय. अट चौथी. तीच. मी गप्प. तोंड गच्च.

थांबलाय.

विचारतोय, ऐकतोयस न्हवं?

मी गप्प. मी नुसता लिहितोय. मला मान्य न —

शाई तीच, अक्षर माझं, पण हात मी हलवत नाही — मनाली म्हणाली होती, लिहून दिला तर प्रश्नच — पेन सुटत नाहीय — मनाली, वर येऊ नको — येऊ न —

व्ह